लाल गोळी औषधात धरत नाहीत

माझ्यासमोर गोळी न गिळता आमच्या पाड्यावरची एकही बाई आजवर सुटलेली नाही. तोंड उघड, जीभ वर कर, आता खाली कर, हं, जा. गालात गोळी धरून मागल्या दारी थुंकणाऱ्या बाया मला माहीत आहेत आणि त्या कुठल्या झाडाखाली थुंकतात तेही माहीत आहे. बारा वर्षं मी आशा सेविकेचं काम करते. मोखाडा तालुक्यात आमचा पाडा, सत्तेचाळीस घरं, आणि त्या सत्तेचाळीस घरांत कुणाच्या अंगात किती रक्त आहे ते मला तोंडपाठ. समोर लोक पुष्पाताई म्हणतात. मागून काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. म्हणू देत. गेल्या सहा वर्षांत माझ्या वहीतली एकही बाई बाळंतपणात दगावलेली नाही.

हे सगळं आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगायला लागले की मला बोलायला तोंड राहणार नाही.

माझा नवरा कान्हा. वय चव्वेचाळीस. तीन पावसाळ्यांपूर्वी आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या वेळी तो मागे पडायला लागला. बाकीचे दोन ओळी लावून पुढे जायचे, हा अजून पहिल्याच ओळीत वाकलेला. मग उजव्या पायातली चप्पल चालता चालता निसटायला लागली आणि त्याला ते कळायचंच नाही. भाताचा भारा बांधताना गाठ बसेना. मी ओरडले. कामचोर म्हणाले, दारू प्यायलास का म्हणाले. तो दारू पीत नाही हे मला चांगलं माहीत होतं. पूर्वी मी ओरडले की तो हसायचा, त्यानं माझा राग आणखी वाढायचा आणि मग ओसरायचा. ते हसणं बंद झालं. मला वाटलं, माझ्यावर रुसलाय. पुढे कळलं, त्याच्या चेहऱ्याला हसताच येत नव्हतं.

शेतीच्या जोडीला कान्हा फवारणीला जायचा. इकडे मोगऱ्याच्या बागा वाढल्या तसं ते काम वाढलं. तण जाळायचं औषध पाठीवरच्या पंपानं मारायचं. पंप गळका. संध्याकाळी सदरा पाठीला चिकटलेला असायचा आणि त्याच सदऱ्यानं तो भाकरी खायला बसायचा. तोंडाला फडकं बांध म्हटलं तर दम कोंडतो म्हणायचा. अशी सोळा वर्षं गेली. त्याचा हात चांगला म्हणून जव्हारपासून लोक त्याला बोलवायला यायचे आणि मीही ते कौतुकानं सांगत फिरायचे.

उजवा हात थरथरायला लागला तेव्हा आम्ही मोखाड्याहून एसटी धरून नाशिकला मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाई तरुण होत्या, पण माणूस नीट बघणाऱ्या. त्यांनी कान्हाला चालायला लावलं, चिमूट उघड-मीट करायला लावली, मग खुर्ची ओढून त्याच्या समोर बसल्या.

"माझ्या डोक्यात काय झालाय, बाय?" कान्हानं विचारलं. मला विचारायची हिंमत झाली नव्हती.

"घरी चूल आहे ना?" त्या म्हणाल्या. "आपल्या अंगातल्या एकेका पेशीत अशा बारीक बारीक चुली असतात. मायटोकॉन्ड्रिया म्हणतात त्यांना. खाल्लेलं अन्न आणि श्वासातली हवा तिथं जळते आणि त्यावर पेशी जगते. चूल म्हटली की चार ठिणग्या उडणारच. चांगल्या पेशीत त्या विझवायची सोय असते. पण चूल बिघडली तर ऊब कमी आणि ठिणग्याच फार. त्या आधी चुलीला जाळतात, मग सगळ्या पेशीला. मेंदूत हालचाल सांभाळणाऱ्या थोड्याशा पेशी आहेत. त्यांना काम फार, म्हणून त्यांच्या चुली कधी विझतच नाहीत. त्या आधी जातात."

"आणि फवारणीचं औषध?" मी म्हटलं.

"काही तणनाशकं गवतात शिरून नेमकं हेच करतात, ठिणग्या उडवून पान जाळतात. यांना त्यानंच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. कुणालाच सांगता येणार नाही. पण वर्षानुवर्षं ती मारणाऱ्यांत हा कंपवाताचा आजार जास्त सापडतो."

कान्हानं आपल्या हाताकडे बघितलं. "मंजे गवताबरोबर मी मनाच फवारीत व्हतो," तो म्हणाला.

मग बाईंनी गोळी लिहून दिली. दिवसातून तीनदा, जेवणाआधी पाऊण तास, उपाशीपोटी. तीन महिने घ्यायची. या आजारात ही गोळी लागू पडते, त्या म्हणाल्या. पडली तर मेलेल्या पेशी परत येणार नाहीत, पण हातपाय पुष्कळ वर्षं चालते ठेवता येतील. नाहीच पडली, तर हा त्याच्यासारखा दिसणारा दुसरा आजार आहे. तो भराभर पुढे जातो, चार-पाच वर्षांत अंथरुणाला खिळवतो आणि त्याला औषध नाही.

"दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत का यांना?"

"नाही," मी म्हटलं.

हे मी म्हटलं तेव्हा माझी कामाची पिशवी मांडीवर होती आणि तिच्यात लोहाच्या लाल गोळ्यांची पाकिटं होती. कान्हाचं रक्त नवावर आलं होतं, म्हणून महिन्याभरापासून मी त्यालाही दोन वेळा देत होते. मी खोटं बोलले नाही. माझ्या मनात ती गोळी आलीच नाही. आमच्याकडे लाल गोळी कुणी औषधात धरत नाही. ताप-खोकल्याची ती औषधं. लाल गोळी म्हणजे मीठ-भाकरीसारखी, घरात असतेच. अंगणवाडीत, शाळेत, आश्रमशाळेत, जिथं जावं तिथं ती मिळते, फक्त रंग बदलतो. बारा वर्षं मीच हे लोकांच्या गळी उतरवलं होतं की बाई, हे औषध नव्हे, ही ताकद आहे, घाबरू नको.

घरी आल्यावर पहिल्या सकाळी उपाशीपोटी गोळी दिली आणि कान्हाला उलटी झाली. मी काय नवखी होते? गोळी पोटाला लागली की काय करायचं ते मला विचारायला लोक येतात. दुसऱ्या दिवसापासून मी आधी खायला घातलं. सकाळी नाचणीची भाकरी, मग नाशिकची गोळी आणि लाल गोळी, एका घोटात दोन्ही. रात्री तसंच. दुपारची गोळी डाळभात आणि सुकट पोटभर खाऊ घातल्यावर. एकही वेळ चुकवली नाही. तोंड उघड, जीभ वर कर. त्यालाही सोडलं नाही मी.

आमची मुलगी मंजुषा तेव्हा नाशिकलाच नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. पाड्यावरची एवढं शिकणारी पहिलीच. वसतिगृहातून रविवारी तिचा फोन यायचा. गोळी सुरू होऊन तीन आठवडे झाले असतील, तिनं विचारलं, "आई, बाबांची गोळी कशी देतेस?"

"कशी म्हणजे? तोंडानं," मी म्हटलं.

"तसं नाही गं. जेवणाआधी का नंतर? आणि सोबत दुसरं काही..."

"मंजू, तुझा जन्म व्हायच्या आधी नाही, पण तुला नीट वाचता येत नव्हतं तेव्हापासून मी गोळ्या वाटतेय. मला शिकवू नकोस. तुझा अभ्यास कर."

ती बरं म्हणाली. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही. माझ्या तोंडाला लागायचं नाही हे ती लहानपणीच शिकली होती.

मार्चमध्ये नाशिकला गेलो. बाईंनी पुन्हा चालायला लावलं, चिमूट उघड-मीट करायला लावली. मधे एकदा गोळी वाढवलीही होती. फरक नव्हता, उलट पाय जास्त अडखळत होता. गोळी वेळेवर देताय ना, असं त्यांनी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी ताठ मानेनं हो म्हटलं. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून ठेवला. तेव्हाच मी समजले, हा तो दुसरा आजार. आशा असले तरी डॉक्टरांचा चेहरा वाचता येतो मला.

परतीच्या गाडीत कान्हा खिडकीशी बसला होता. गाडी त्र्यंबकचा घाट उतरली. मग म्हणाला, "मना माझ्या पायावर उभा राहून मंजूच्या अंगावर अक्षता टाकायच्या हायत. पुढल्या वर्साला मी उभा राहंल का नाय, कोनास ठाव."

मंजू रडली नाही. घरी आली, बापाच्या पायाशी बसली आणि मला म्हणाली, "दीड वर्ष राहिलंय आई. फक्त दीड वर्ष. मग लगेच करते लग्न."

"दीड वर्षानं बाप असेल, पण उभा नसेल," मी म्हटलं. "तुला शिकता येईल पुन्हा. बाप पुन्हा येणार नाही." हे वाक्य माझं आहे. कान्हाचं नाही, डॉक्टरांचं नाही. माझं.

मुलगा चांगला मिळाला. तुषार, साखरशेतचा, शेती बघतो आणि पावसाळा सरला की वसईकडे कामाला जातो. त्याच्यात नाव ठेवायला काही नाही. वैशाखात लग्न झालं. मांडवात कान्हाला दोघांनी दोन्ही बाजूंनी धरलं होतं. अक्षतांची वेळ झाली, सगळ्यांचे तांदूळ उडाले, कान्हाची मूठ मात्र उघडेना. तो जोर करत होता, कपाळावर घाम आला होता, मूठ तशीच. शेवटी मंजू वळली, बापाचं एकेक बोट तिनं सोडवलं आणि त्यातले तांदूळ आपल्याच हातानं आपल्या डोक्यावर टाकले. सगळा मांडव रडला. मी रडले नाही. मला वाटलं, होईल तेवढं आपण केलं.

पावसाळ्यात कान्हा फार खचला. बाईंनी सांगितल्याप्रमाणे गोळ्या हळूहळू कमी करून बंद केल्या होत्या. आता त्याला कूस बदलता येत नव्हती. पाणी पिताना ठसका लागायचा. उंबऱ्यापाशी आला की पाय जमिनीला चिकटायचे आणि तो कितीतरी वेळ तिथंच उभा. मी पाड्यावरच्या लेकरांची वजनं करून यायचे आणि हा मी जाताना होता तिथंच असायचा. एकदा त्याचं धोतर ओलं झालं होतं आणि तो उंबऱ्यात उभा राहून माझी वाट बघत होता. मी त्याला धुतलं, बदललं, आणि मागल्या दारी जाऊन तोंडात पदर कोंबून ओरडले. देवाला शिव्या दिल्या. देवाचा यात काही हात नव्हता हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

सप्टेंबरात जव्हारला मीटिंग होती. नाशिकच्या गोळ्यांची पाच पाकिटं न फोडलेली पडून होती. जव्हारच्या बाजारात लतीफभाईंचं औषधांचं दुकान आहे, आमच्या सगळ्या पाड्यांचं तेच दुकान. गोळ्या त्यांच्याकडूनच आणायचे. म्हटलं, परत घेतले तर घेतले, दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येतील.

लतीफभाईंनी पाकिटं उलटून तारीख बघितली. "चालली नाही, ताई?"

"नाही. तो आजारच नाही म्हणे. दुसरा आहे."

"अल्ला." त्यांनी पाकिटं गल्ल्याशेजारी ठेवली. मग सहज विचारावं तसं म्हणाले, "देत कशी होतात?"

माझा ताठा बघा. मी सांगितलं. सगळं, बारकाव्यानिशी. आधी पोटभर खायला, मग ही गोळी आणि वर लाल गोळी, एकही दिवस न चुकवता. शाबासकी मिळावी तसं सांगितलं.

लतीफभाईंनी खोक्यातून घडी घातलेला पातळ कागद काढला, चष्मा वर केला आणि बोटानं एक ओळ दाबून धरली. कागद इंग्रजीत होता. "लोहाची गोळी इसके साथ नाही देत, ताई," ते हळू आवाजात म्हणाले. "पोटातच लोह हिला धरून ठेवतं. अंगात जाऊ देत नाही. आणि डाळ, मच्छी भरपेट खाल्ली, तरी तेच. दोन-तीन घंटे अंतर पाहिजे. ही गोळी पोचलीच नाही त्यांना. पोचली असेल तर थोडीशी."

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. लतीफभाईंनी पाकिटं पुन्हा माझ्या पिशवीत घातली. "ही मी घेत नाही परत. आज पहिले डॉक्टरला फोन करा. अपने मन से काही सुरू करू नका." आणि मग, मी विचारलं नसताना, "मी पण विचारायला पाहिजे होतं. तुम्ही आशा आहात, तुम्हाला काय सांगायचं, असं वाटलं."

एसटी डेपोत बसून मी मोबाइलवर लोह आणि हा आजार शोधलं. ते शोधायला नको होतं. तिथं लिहिलं होतं की या माणसांच्या मेंदूत त्याच जागी लोह साठलेलं सापडतं आणि त्यानं ठिणग्या वाढतात. मी तिथल्या तिथं बाकावर वाकले. मी त्याच्या चुलीत हातानं रॉकेल ओतत होते, तोंड उघड म्हणत. शेजारच्या बाईनं मला पाणी दिलं.

डॉक्टरबाईंना फोन लागला. मी सगळं सांगितलं, मेंदूतल्या लोहाचंसुद्धा. मग त्या म्हणाल्या, "पुष्पाताई, एक ऐका. गोळीतलं लोह असं सरळ मेंदूत जाऊन साठत नाही. तुम्ही त्यांचा मेंदू जाळला नाहीत. रक्त कमी होतं, गोळी द्यायलाच हवी होती, फक्त दुसऱ्या वेळी. त्या गोळ्यांनी पोटात औषध अडवलं, एवढंच." एवढंच, असं त्या म्हणाल्या. मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या. "आपण पुन्हा सुरू करू. थोड्यापासून. उपाशीपोटी, मळमळीची गोळी आधी देऊन. लागू पडेल का, ते मी आज सांगू शकत नाही. पण ती तीन महिन्यांची परीक्षा खरी झालीच नाही, असं समजा."

त्या संध्याकाळी मी कान्हाच्या पुढ्यात बसले आणि त्याला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला काही सांगताना खाली बघत होते. त्याचा चेहरा दगडासारखाच, त्यावरून काही कळायची सोय नव्हती. तो मला मारेल तर बरं, असं मला वाटत होतं, आणि त्याचा हात तर वरही जात नव्हता.

"मंजूनं इचारला व्हता ना तुना," तो म्हणाला. त्याचा आवाज आता पुटपुटल्यासारखा यायचा, कान लावून ऐकावं लागायचं. "फोनवर. मी आयकला व्हता."

"हो."

"मंग तिला कोन सांगंल?"



नवी गोळी सुरू झाली. पहाटे मळमळीची, मग ती, मग तासभर पाण्याशिवाय काही नाही. लाल गोळी दुपारी, एकटी. मी भिंतीवरच्या घड्याळासमोर बसून राहायचे. चार दिवस काही नाही. सहाव्या दिवशी थोडी वाढवली. आठव्या दिवशी मी हात जोडायचेही सोडून दिले. अकराव्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी होते आणि मागून आवाज आला, गोधडी सरकल्याचा. कान्हा उठून बसला होता. एकटा. तो आपल्या पायांकडे बघत होता, मग भिंतीला हात लावून उभा राहिला, उंबऱ्यापाशी थांबला, आणि उंबरा ओलांडून बाहेर गेला. अंगणात जाऊन त्यानं लघवी केली आणि परत आला. माझ्याकडे बघून त्याचा एक गाल थोडा वर गेला. मी ओरडत सुटेन असं मला वाटलं होतं. मी चुलीत लाकूड सरकवलं आणि तिथंच बसून राहिले.

म्हणजे तोच आजार होता. गोळी लागू पडणाराच. त्याची पुष्कळ वर्षं बाकी होती, आणि दीड वर्ष तर त्यानं उभ्यानं, हसत काढलं असतं.

नवरात्रात मंजू आली. कान्हा तिला आणायला रस्त्यापर्यंत गेला. हळू, पण गेला. मी दारातून बघत होते. गाडीतून उतरून तिनं बापाला पाहिलं आणि पिशवी रस्त्यातच टाकून धावली. त्याच्या हातांना हात लावून बघत होती, बोटं उघडून, मिटून, पुन्हा उघडून. दोघं हसत घराकडे आले. अंगणात येईपर्यंत तिचं हसणं कमी होत गेलं. ती काहीतरी जुळवत होती. दुसऱ्या वर्षापर्यंत का होईना, शिकलेली पोरगी.

आत येऊन ती खाटेवर बसली. पाणी प्यायली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, बाबांची गोळी कशी देतेस?"

मी तिच्यासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. आता कशी देते ते आधी. मग तेव्हा कशी देत होते ते. लतीफभाई, कागद, फोन. काही लपवलं नाही, आवाज चढवला नाही, मधे थांबले नाही. ती ऐकत होती. कान्हा दारात उभा राहून भिंतीकडे बघत होता.

मी बोलायची थांबले. मंजूनं माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं, आता ती बोलेल. बोल, मी मनात म्हणत होते. ओरड. माझीच आहेस ना.

तिनं पिशवीतून एक कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. गरोदर बाईचं कार्ड. तिसरा महिना.

"सासरी नाव लिहिलंय," ती म्हणाली. "पहिलं बाळंतपण इथंच होणार, तर तुझ्याही वहीत लिही. आणि माझ्या गोळ्या दे."

मी पिशवी उघडली. लाल गोळ्यांची तीन पाकिटं मोजून तिच्या हातावर ठेवली. तिनं हात मागे घेतला नाही. आता मी सांगायला हवं होतं. कधी घ्यायची, कशासोबत घ्यायची, कशासोबत घ्यायची नाही. बारा वर्षं घरोघरी झोपेतसुद्धा म्हणता येईल असं जे म्हणत आले ते. माझं तोंड उघडलं आणि त्यातून शब्द येईना.

"जेवणानंतर तासाभरानं," मंजू म्हणाली. "पाण्याबरोबर. लिंबू असलं तर लिंबू. चहाबरोबर नाही, आणि दुसरी कुठली गोळी चालू असेल तर आधी विचारायचं." तिनं पाकिटं पदराच्या टोकात गुंडाळली. "पहिल्या वर्षाला होतं हे."